किलकेनीला एक रात्र

आयर्लंडमध्ये डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनातून सुटलेली वॉटरफर्डची गाडी दीड-पावणेदोन तासांनी किलकेनीला पोचते आणि तिथे तिची वाट संपते. किलकेनीचं मॅकडोना स्टेशन मुख्य मार्गावर नाही, एका फाट्याच्या टोकाला आहे. ड्रायव्हर उतरतो, फलाटावरून चालत गाडीच्या दुसऱ्या टोकाला जातो, आणि गाडी आल्या वाटेने मागे फिरून वॉटरफर्डच्या दिशेला लागते. पुढे जाणारे प्रवासी जागेवरच राहतात, फक्त आता त्यांचा प्रवास पाठमोरा होतो. मोटारीने आलात तरी तेच. एम-९ महामार्ग शहराला बाजूला ठेवून निघून जातो आणि आत शिरायला जोडरस्ता धरावा लागतो. किलकेनी सहजासहजी कुणाच्या वाटेत येत नाही. मुद्दाम वळावं लागतं, म्हणूनच वळावं की नाही हा प्रश्न पडतो.

डब्लिनमधल्या मराठी घरांत तो उन्हाळ्यात हमखास निघतो. पुण्या-नाशिकहून आई-वडील आलेले असतात. मोहरचे कडे पाहून झालेले असतात, गॉलवे झालेलं असतं, उत्तरेचा जायंट्स कॉजवे झालेला असतो. एक शनिवार-रविवार शिल्लक असतो आणि कुणीतरी किलकेनीचं नाव काढतं. मग दुसरं कुणी म्हणतं, एक किल्ला आहे, बाकी काय आहे तिथे? या शंकेत तथ्य आहे. समुद्र नाही, डोंगर नाही, मोठं संग्रहालय नाही. २०२२ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २७,१८४ भरली. आपल्याकडे एवढ्या वस्तीला तालुक्याचं गाव म्हणतात.

तरीही जावं. मात्र एक रात्र राहायला जावं. दिवसभरात जाऊन आलात तर वेळ किल्ल्यातच संपतो आणि शहर राहून जातं. तीन दिवस राहिलात आणि हाताशी गाडी नसली, तर तिसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून तिसऱ्यांदा फिरावं लागेल. पहिल्या दिवशीची दुपार, ती संध्याकाळ, रात्र आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ एवढा वेळ या शहराच्या अंगाला बरोबर बसतो.

डब्लिनहून निघणाऱ्या एका दिवसाच्या कोच सहली विकलोचे डोंगर, ग्लेंडालॉक आणि किलकेनी एकाच दिवसात उरकतात. सोबत वयस्कर माणसं असली की हा पर्याय सोयीचा वाटतो, आणि विकलोसाठी तो चांगलाही आहे. किलकेनीच्या वाट्याला मात्र त्यात दीड-दोन तास येतात, तेही दुपारचे, जेव्हा इतर कोचही तिथेच थांबलेले असतात. त्यातला अर्धा तास जेवणात जातो. उरलेल्या वेळात किल्ला आतून बघायचा की हाय स्ट्रीटवरून चालायचं, यातलं एकच काहीतरी होतं. अशा सहलीतून परतलेली माणसं 'किलकेनी ठीक आहे' म्हणतात ती यामुळेच.

आगगाडी त्याहून चांगली. तिकीट आयरिश रेलच्या संकेतस्थळावर आधी काढावं, खिडकीवरच्या तिकिटापेक्षा ते बहुधा स्वस्त पडतं. डब्लिनमध्ये मोठी स्टेशनं दोन आहेत, ही गाडी ह्यूस्टनहून सुटते. लुआस ट्रामची लाल लाइन थेट दारात सोडते. गाड्या दिवसाला मोजक्याच, रविवारी आणखी कमी. एक चुकली तर पुढचे दोन-तीन तास हातचे गेले असं धरून चालावं. परतीची वेळ आधी ठरवावी आणि बाकीचं त्याभोवती बसवावं.

भारतीय पासपोर्टवर येणाऱ्या पाहुण्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. आयर्लंड शेंगेन क्षेत्रात नाही. पॅरिस-रोमसाठी काढलेला व्हिसा इथे चालत नाही. ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजनेखाली काही ब्रिटिश व्हिसांवर आयर्लंडलाही येता येतं, पण त्यासाठी व्हिसावर 'बीआयव्हीएस' ही अक्षरं असावी लागतात आणि आधी ब्रिटनमध्ये प्रवेश झालेला असावा लागतो. लंडनला मुलाकडे आलेल्या आई-वडिलांची डब्लिनची विमान तिकिटं काढण्याआधी व्हिसावरची ती अक्षरं डोळ्यांनी पाहून घ्यावीत.

स्टेशनातून बाहेर पडलं की शेजारीच मॅकडोना जंक्शन नावाचं खरेदी संकुल लागतं. त्यात मिसळलेल्या जुन्या दगडी इमारती एकोणिसाव्या शतकातल्या वर्कहाउसच्या आहेत. निराधार माणसांना कामाच्या बदल्यात आसरा आणि अन्न देणारी ही व्यवस्था होती. १८४५ नंतर बटाट्याच्या पिकावर रोग पडून दुष्काळ आला तेव्हा तिथे माणसं मावेनात आणि मेलेल्यांना न्यायला जागा उरली नाही. त्यांना आवारातच पुरलं. या संकुलाच्या बांधकामाआधी उत्खनन झालं तेव्हा किमान ९७० जणांचे सांगाडे सापडले, त्यांत लहान मुलं फार मोठ्या संख्येने होती. आता त्यांच्या स्मरणार्थ तिथे एक छोटी बाग आहे. बहुतेक प्रवासी बॅगा ओढत तिच्यावरून पुढे निघून जातात. शहरात शिरण्याआधी तिथे पाच मिनिटं थांबावं. या देशात दुष्काळ हा विषय कुठल्याही गप्पांत कधीही का निघतो, ते तिथे उभं राहिल्यावर समजतं.

स्टेशनापासून जॉन स्ट्रीटने उतरत गेलं की दहा मिनिटांत नोर नदीवरचा पूल येतो. पुलावरून डाव्या हाताला पाहिलं की किल्ला दिसतो आणि पाय आपोआप तिकडे वळतात. तो मोह आवरावा. सामान हॉटेलात टाकून आधी शहराच्या दुसऱ्या टोकाला, सेंट कॅनिसच्या टेकडीकडे जावं. पर्यटन खात्याने कॅथीड्रलपासून किल्ल्यापर्यंतच्या रस्त्याला 'मिडीव्हल माइल' म्हणजे मध्ययुगीन मैल असं नाव दिलंय. नाव जाहिरातीचं आहे. नुसतं चाललात तर पंधरा-वीस मिनिटं लागतात, बघत चाललात तर एक दुपार पुरत नाही. किल्ल्याकडून सुरुवात केली की सगळा जोर तिथेच संपतो आणि टेकडीवर पोचेपर्यंत कॅथीड्रलची दारं बंद होत आलेली असतात. शहरही जन्मलं ते टेकडीवरच. आयरिशमध्ये 'किल' म्हणजे चर्च आणि 'केनी' म्हणजे कॅनिस. सहाव्या शतकातल्या या संताच्या मठाभोवती वस्ती वाढली. किल्ला त्यानंतर सहा शतकांनी आला.

कॅथीड्रलकडे जाणाऱ्या दगडी पायऱ्या १६१४ च्या आहेत. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी टॅक्सीने कोच रोडच्या बाजूने वर जावं. आताची इमारत तेराव्या शतकातली, लांबीला आयर्लंडमध्ये दुसरी, डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्सच्या खालोखाल. तिचा मधला मनोरा १३३२ मध्ये कोसळला. पुन्हा बांधला तो बुटका ठेवला आणि म्हणून बाहेरून इमारत जमिनीला चिकटून बसल्यासारखी दिसते. १६५० मध्ये इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या फौजा शहरात शिरल्या तेव्हा छप्पर गेलं, रंगीत काचा फुटल्या आणि आत घोडे बांधले गेले. त्या काचांमधल्या पूर्वेच्या खिडकीवर पोपचे दूत रिनुचिनी यांचा काही वर्षांपूर्वीच जीव जडला होता. त्यांनी ती विकत मागितली, पण मिळाली नाही.

आत गेल्यावर नजर काळ्या दगडावर ठेवावी. किलकेनीला 'मार्बल सिटी' म्हणतात ते या दगडामुळे. भूगर्भशास्त्राच्या हिशेबाने हा संगमरवर नव्हेच, तो चुनखडीचा दगड आहे. पण घासून पॉलिश केला की काळाभोर होतो, ओल्या पाटीसारखा चमकतो आणि पृष्ठभागावर पांढरे ठिपके, चंद्रकोरी उमटतात. ते कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्री जिवांचे अवशेष आहेत. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट पाहिलेल्या डोळ्यांना हा काळा वेगळा आहे हे चटकन कळतं. बेसाल्ट लाव्हातून आला, त्यात असे शंख-शिंपले दिसत नाहीत. किल्ल्याचे मालक असलेल्या घराण्यातला पिअर्स बटलर आणि त्याची पत्नी मार्गारेट फिट्झजेराल्ड यांच्या सोळाव्या शतकातल्या थडग्यावरच्या मूर्ती याच काळ्या दगडातल्या आहेत. त्याच्या चिलखतावरच्या आणि तिच्या शिरोभूषणावरच्या बारकाव्यांसाठी थोडं वाकून बघावं.

कॅथीड्रलच्या अंगणातला गोल मनोरा त्याहून जुना आहे. उंची ३० मीटर. आयरिश भाषेत अशा मनोऱ्याला घंटाघर म्हणतात आणि तेच त्याचं मूळ काम. आयर्लंडभर असे मनोरे विखुरलेत, पण माथ्यापर्यंत चढता येतील असे अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि हा त्यातला एक. आत दगडी जिना नाही. एकावर एक लाकडी तक्तपोशी आहेत आणि एकीतून दुसरीत जायला उभ्या शिड्या. वर जाताना जागा अरुंद होत जाते, त्यामुळे वरचा आणि खालचा माणूस एकमेकांना ओलांडू शकत नाहीत, थांबून वाट द्यावी लागते. पाठीवरची सॅक खाली ठेवावी, चपला-सँडलऐवजी बूट असावेत, साडी असेल तर चढू नये. लहान मुलांना वर सोडत नाहीत. जोराचा वारा किंवा पाऊस असला तर मनोरा बंद ठेवतात, तिकीट काढण्याआधीच विचारावं. आणि रविवारी सकाळी प्रार्थना असतात, तेव्हा कॅथीड्रल पर्यटकांसाठी दुपारीच उघडतं. रविवारी सकाळी इथे येऊन दाराशी ताटकळलेली कुटुंबं हे नेहमीचं दृश्य आहे.

माथ्यावर उभं राहिलं की शहराची रचना एका नजरेत कळते, आणि शिड्या चढण्याचं खरं कारण हेच. पायथ्याची वस्ती आयरिशटाउन. पलीकडे ब्रेगा नावाचा ओढ्याएवढा प्रवाह नोरला मिळतो. त्याच्या पल्याड इंग्लंडमधून आलेल्या नॉर्मन सरदारांनी वसवलेलं हायटाउन, आणि त्याच्या शेवटाला किल्ला. एकाच गावात दोन गावं होती. दोघांचा कारभार निराळा होता आणि तो एक झाला तो थेट एकोणिसाव्या शतकात. मधला ओढा आज उडी मारून पार करावा एवढा दिसतो.

१३६६ मध्ये इंग्रज राजाच्या आयर्लंडमधल्या पार्लमेंटची बैठक याच शहरात भरली आणि 'किलकेनीचे कायदे' म्हणून ओळखले जाणारे नियम तिने केले. आयर्लंडमध्ये स्थिरावलेले इंग्रज हळूहळू आयरिश होत चालले होते. ते तिथली भाषा बोलत, तिथल्या मुलींशी लग्नं करत, तिथले खेळ खेळत. कायद्याने हे सगळं बंद करायचं ठरवलं. इंग्रजांनी आयरिश माणसाशी सोयरीक करायची नाही, मूल त्यांच्याकडे वाढवायला द्यायचं नाही, इंग्रजीच बोलायचं, आयरिश पद्धतीने घोड्यावर बसायचं नाही आणि काठीने चेंडू मारायचा तो हर्लिंगचा खेळ खेळायचा नाही. इंग्रजी बोला असं सांगणारा हा कायदा लिहिला गेला नॉर्मन फ्रेंचमध्ये, कारण दरबाराची भाषा ती होती. तो कधीच नीट अमलात आला नाही. बंदी घातलेल्या त्या खेळात आज देशात सर्वांत जास्त अजिंक्यपदं याच किलकेनीच्या नावावर आहेत, ३६. हाय स्ट्रीटवरच्या दुकानांत, खिडक्यांत, लहान मुलांच्या अंगावर जे काळे-पिवळे पट्टे दिसतात ते त्या संघाचे. टेकडीवरून उतरून ओढा ओलांडताना हे डोक्यात असलं तर तो पूल नुसता पूल राहत नाही. मला विचाराल तर किलकेनीत बघायचं असं काही असेल तर ते हेच, दोन गावांमधली ही पाच मिनिटांची चाल.

ओढ्यापाशीच उजवीकडे ब्लॅक ॲबी आहे. पांढऱ्या झग्यावर काळा डगला घालणाऱ्या डोमिनिकन साधूंचा हा मठ १२२५ चा. तो तटाबाहेर बांधला होता, जवळच ब्लॅक फ्रेरन गेट आहे, शहराच्या वेशींपैकी उभी राहिलेली एकटी. मठात प्रवेशाला पैसे पडत नाहीत. दक्षिणेच्या भिंतीत १८९२ ची, म्युनिकच्या मायर कारखान्यात घडलेली रोझरी खिडकी आहे, जवळजवळ अख्खी भिंतच काचेची. खिडकी दक्षिणेला तोंड करून असल्याने दुपारी तिच्यातून रंग फरशीवर उतरतात. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी गेलात तर तीच खिडकी मंद वाटते. हे चालतं चर्च आहे, प्रार्थना सुरू असेल तर मागच्या बाकावर बसून घ्यावं.

पार्लमेंट स्ट्रीटवरचं रोथ हाउस मराठी माणसाला फार समजावून सांगावं लागत नाही. तो तीन चौकी वाडा आहे. जॉन रोथ या व्यापाऱ्याने १५९४ मध्ये रस्त्यालगतचं पहिलं घर बांधलं. कुटुंब वाढलं तसं मागे १६०४ मध्ये दुसरं आणि १६१० मध्ये तिसरं. दर्शनी भागात दुकान, वर बैठकीची जागा, मग चौक, मग राहतं घर, पुन्हा चौक. सर्वांत मागे लांबट बाग, तीही सरळ शहराच्या तटापर्यंत गेलेली. मध्ययुगीन शहरात रस्त्याला लागून असलेली प्रत्येक इंच जागा महाग असे, म्हणून प्रत्येक व्यापाऱ्याला अरुंद तोंडाची आणि खूप खोल अशी पट्टी मिळे. आज ती अख्खी पट्टी दारापासून तटापर्यंत चालून जाता येते अशी जागा क्वचितच उरली आहे. बाग सतराव्या शतकात जी झाडं, भाज्या आणि औषधी लावत त्याच पद्धतीने पुन्हा लावलीय. बहुतेकजण पहिल्या घरातल्या वस्तू बघून परततात. परतू नये, बागेच्या शेवटापर्यंत जावं.

पुढे हाय स्ट्रीटवर थोल्सेल आहे, १७६१ चं. खाली दगडी कमानी, वर घड्याळाचा मनोरा. नावाचा अर्थ टोल भरायचं घर, म्हणजे जकातीची चावडी. पाऊस आला की सगळा रस्ता त्या कमानींखाली गोळा होतो. शेजारून बटर स्लिप नावाची बोळ खालच्या सेंट कियरन स्ट्रीटला उतरते. इथे लोणी विकणाऱ्या बायका बसत आणि सावलीमुळे लोणी टिकून राहायचं. खालच्या रस्त्यावर ॲलिस काइटलरच्या नावाची सराई आहे. चार नवरे झालेल्या या श्रीमंत बाईवर १३२४ मध्ये बिशपने चेटकाचा खटला भरला. ती निसटली. तिची दासी पेट्रोनिला निसटू शकली नाही, ३ नोव्हेंबर १३२४ रोजी तिला जाळलं. सराईत आज संगीत असतं, दारावर चेटकिणीची चित्रं असतात. त्या खटल्यात जीव कुणाचा गेला, ते मनात ठेवून आत जावं.

आता रात्रीचं. किलकेनीतल्या पबांमध्ये संगीत खरोखर चांगलं असतं आणि सहकुटुंबही ते ऐकता येतं, फक्त कायदा माहीत हवा. पंधरा वर्षांखालची मुलं पालकांसोबत रात्री ९ पर्यंत आत बसू शकतात, मे ते सप्टेंबरमध्ये १० पर्यंत. संगीत पुष्कळदा साडेनऊनंतर रंगतं, त्यामुळे मुलं असतील तर लवकर सुरू होणारा कार्यक्रम आधी विचारून ठेवावा. जेवणही लवकर आटपावं, नऊच्या सुमारास स्वयंपाकघरं बंद व्हायला लागतात आणि आठवड्याच्या सुरुवातीला काही रेस्टॉरंट बंदच असतात. शाकाहारी माणसाने सूप आणि ब्राउन ब्रेडवर भरवसा ठेवावा, पण सूप भाज्यांचं असलं तरी त्यात कोंबडीचा स्टॉक आहे का ते विचारावं. सकाळच्या आयरिश ब्रेकफास्टमधलं 'ब्लॅक पुडिंग' गोड पदार्थ नव्हे, ते डुकराच्या रक्ताचं सॉसेज असतं, आणि 'व्हाइट पुडिंग'मध्येही डुकराचं मांस असतं. नावाला फसून ताटात घेतलेलं पुष्कळांनी बाजूला सारलंय.

राहायच्या जागेबद्दल मात्र नीट विचार करावा, कारण किलकेनीबद्दलचं वाईट मत बहुतेक वेळा तिथे तयार होतं. लग्नाआधीच्या मित्रमंडळींच्या आणि मैत्रिणींच्या पार्ट्यांसाठी हे शहर देशभर प्रसिद्ध आहे. शुक्रवार-शनिवारी जॉन स्ट्रीट आणि पार्लमेंट स्ट्रीटवर मध्यरात्रीनंतरही गर्दी असते. त्या रस्त्यांवर खोली घेतलीच तर मागच्या बाजूची मागून घ्यावी, किंवा नदीपल्याड दहा मिनिटं लांब राहावं. सर्वांत चांगलं म्हणजे मंगळवार-बुधवारची रात्र निवडावी. जूनच्या सुरुवातीला कॅट लाफ्स हा विनोदी कार्यक्रमांचा महोत्सव असतो, ऑगस्टमध्ये कला महोत्सव, आणि नोलन पार्कवर मोठा हर्लिंगचा सामना असेल तो दिवस वेगळा. या दिवसांत खोल्यांचे दर फार चढतात. सामना बघायचाच असेल तर मात्र तोच दिवस निवडावा. तिकीट आधी ऑनलाइन काढावं, मैदान स्टेशनाजवळच आहे, आणि चेंडूचा वेग इतका असतो की पहिली दहा मिनिटं तो दिसतच नाही.

जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या आसपास मावळतो, म्हणून जेवण झाल्यावरही नदीकाठी फिरायला उजेड असतो. पुलाशेजारून किल्ल्याच्या पायथ्याने कॅनॉल वॉक जाते. अठराव्या शतकात इथून कालवा काढायचं काम सुरू झालं आणि पैशांअभावी अर्धवट राहिलं. त्याची उरलेली वाट म्हणजे ही पायवाट. वर किल्ल्याची भिंत, खाली संथ पाणी, आणि दिवसाची गर्दी नाही. डिसेंबरमध्ये सव्वाचारलाच अंधारतं, तेव्हा हे सगळं दुपारी उरकावं लागतं. जुलैतही दुपारचं तापमान १९-२० अंशांच्या पुढे फारसं जात नाही, स्वेटर बॅगेत तळाशी नको.

किल्ला दुसऱ्या दिवशी, दार उघडताच. त्या वेळी डब्लिनचे कोच अजून विकलोच्या डोंगरातच असतात. विल्यम मार्शल या नॉर्मन सरदाराने तेराव्या शतकाच्या सुरुवातीला हा दगडी किल्ला बांधला. चार बाजू, चार बुरूज. १६५० च्या वेढ्यात एक बाजू आणि एक बुरूज खिळखिळे झाले आणि पुढे पाडले, म्हणून आज तो एका बाजूने मोकळा, बागेकडे हात पसरल्यासारखा दिसतो. १३९१ मध्ये तो बटलर घराण्याने विकत घेतला. हे आडनाव आपल्याकडच्या पोतनीस-चिटणिसांसारखं, हुद्द्यावरून पडलेलं. ११८५ मध्ये या घराण्याच्या मूळ पुरुषाला आयर्लंडचं मुख्य बटलरपद वतन म्हणून मिळालं आणि त्यासोबत आयात होणाऱ्या दारूतला ठरावीक हिस्साही. वतन पिढ्यान्‌पिढ्या चाललं, हुद्द्याचं आडनाव झालं, हिश्श्याची संपत्ती झाली. १९३५ मध्ये खर्च झेपेना म्हणून घराणं निघून गेलं आणि सामानाचा लिलाव झाला. १९६७ मध्ये घराण्यातल्या सहाव्या मार्क्विसने, म्हणजे उमरावाने, किल्ला शहराच्या समितीला ५० पौंडांना दिला.

आत आता जे दिसतं त्यात परत मिळवलेलं, विकत आणलेलं आणि जुन्या नमुन्यावरून नव्याने विणवलेलं असं सगळं आहे. खोल्यांमधून जाताना हे मनात ठेवलं की अपेक्षा बरोबर बसते. खरी थांबण्याची जागा शेवटचं चित्रदालन. लांबच लांब, वरून उजेड येणारं, आणि छताच्या लाकडी तुळयांवर जॉन हंगरफर्ड पोलेनने रंगवलेली प्राण्या-पक्ष्यांची, वेलबुट्टीची नक्षी. मान अवघडते, पण भिंतीवरच्या पूर्वजांच्या चित्रांपेक्षा छत जास्त वेळ बघावं. वर्षाच्या काही काळात आपलं आपण फिरता येतं, काही काळात मार्गदर्शकासोबतच सोडतात. शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या वेळेआधी बराच लवकर असतो. बागेला तिकीट नाही आणि लहान मुलांसाठी खेळायची जागा तिथेच आहे. दोघांनी किल्ला बघावा, दोघांनी मुलांना बागेत सांभाळावं अशी वाटणी छान जमते.

समोरच्या घोड्यांच्या जुन्या पागेत डिझाइन सेंटर आहे. १९६३ मध्ये आयरिश सरकारने इथे किलकेनी डिझाइन वर्कशॉप्स सुरू केल्या, देशातल्या कारागिरांच्या वस्तूंना चांगली घडण मिळावी म्हणून. त्या १९८८ मध्ये बंद झाल्या, दुकान राहिलं. जवळच्या बेनेट्सब्रिजची मातीची भांडी आणि स्टोनीफर्डची काच इथे मिळते. भारतात न्यायची असतील तर दुकानातच गुंडाळून घ्यावीत आणि सामानाच्या वजनाचा आधी अंदाज घ्यावा.

गाडी असेल आणि दुपार मोकळी असेल तर १०-११ किलोमीटरवर डनमोर गुहा आहे, किंवा थॉमसटाउनजवळचा बाराव्या शतकातला जेरपॉइंट मठ. दोन्हीपैकी मठ निवडावा. त्याच्या ओवऱ्यांच्या खांबांवर कोरलेली माणसं, सरदार, बायका, साधू असे उभे आहेत की प्रत्येकाला चेहरा आहे. हिवाळ्यात तो बंद असतो.

ज्यांच्याकडे आयर्लंडसाठी एकूण दोनच दिवस आहेत त्यांनी किलकेनी सोडून द्यावं, डब्लिन आणि समुद्राचा एखादा कडा बघावा. ज्यांना इतिहासात अजिबात रस नाही, त्यांना इथे संध्याकाळी बरं वाटेल आणि सकाळी काय करायचं कळणार नाही. शहर म्हणवण्याचा हक्कही इथल्या लोकांनी जपून ठेवलेला आहे. पहिल्या जेम्स राजाने १६०९ मध्ये सनद दिली होती. पुढे कारभाराच्या हिशेबात किलकेनी शहर राहिलं नाही, तरी २००१ च्या कायद्याने त्याला 'सिटी' हा शब्द लावायची मुभा ठेवली. इथल्या कुणाला 'टाउन' म्हणू नये, फार लागतं त्यांना.

परतताना स्टेशनवर दहा मिनिटं आधी जावं. डब्लिनची आणि वॉटरफर्डची, दोन्ही गाड्या एकाच दिशेने येतात आणि एकाच दिशेने सुटतात. ही कुठली ते रुळांवरून कळत नाही. पाटी वाचावी आणि मगच चढावं.